मोटर लावायची, पण भोक पाडायचं नाही

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की जुन्या काळ्या मशिनला मोटर लावायची तर आधी मशीन बघा, मग मोटर. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर मोटरलाच द्यावं लागतंय. ब्लाउजच्या कटोरीचे प्रश्न पुढच्या अंकात, रागावू नका.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख दोन ओळींत. नाशिकरोडला 35 वर्षं शिवणाचा क्लास चालवला. वडिलांचं सातपूरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. सुट्टीत मी तिथे तांब्याची तार गुंडाळत बसायची. पुढे क्लासच्या मशिनी बंद पडल्या की मेकॅनिक 'उद्या येतो' म्हणायचा, आणि त्याचा उद्या काही उगवायचा नाही. शेवटी मीच पाना हातात घेतला. माझं बरंचसं ज्ञान असं नाइलाजाने आलेलं आहे, आणि थोडंफार माझ्याच चुकांतून. आता तुमची पत्रं, आणि प्रत्येकाखाली माझं उत्तर.

सासूबाईंचं सिंगरचं पायमशीन आहे. काळं, सोनेरी नक्षीचं, नंबर 'वाय'ने सुरू होतो. माझे गुडघे आता पायटा मारू देत नाहीत. ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं, 'खांबाला एक भोक पाडू, आटे मारू, अर्ध्या तासात मोटर चालू.' सासूबाई म्हणतात मशिनला हात लावायचा नाही, गांधीजींनाही सिंगरचं मशीन असंच आवडायचं. काय करू?
— एक वाचक, इंदिरानगर

आधी सासूबाईंचं. त्या चुकीचं बोलत नाहीयेत. यंत्रांच्या वेडावर टीका करणाऱ्या गांधीजींनी 1924 मध्ये सिंगरच्या शिलाई मशिनचा अपवाद केला होता, हे खरं आहे. आता तो अपवाद पायाने चालणाऱ्या मशिनपुरता होता की मोटरवाल्यालाही लागू, हा वाद तुम्ही दोघींनी चहा पिता पिता मिटवा. माझ्याकडे मशिनचा भाग सोपवा.

'वाय'चा नंबर म्हणजे तुमचं मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, 1920-30 च्या दशकांतलं. तो कारखानाच 1980 साली बंद झाला. अशा मशिनच्या बिडाच्या खांबाला भोक पाडायला मी सांगणार नाही. बीड लाकडासारखं दयाळू नसतं. कडेच्या जवळ ड्रिल गेलं, किंवा आटे मारताना टॅप अडकून आत तुटला, तर ते कुणी नीट करून देत नाही. वेल्डिंग करतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या हाती मशीन देऊ नका. मेकॅनिकला अर्धा तास लागेल हे खरं, पण पुढची सगळी वर्षं त्या भोकाकडे तुम्हीच बघणार आहात.

शिवाय भोकाची गरज नसेलही. मशीन मागे कलतं करा आणि चाकाच्या खाली, खांबाच्या मागच्या अंगाला हात फिरवून बघा. तिथे सपाट उंचवटा आणि त्यात आट्यांचं तयार भोक लागलं, तर कारखान्यानेच मोटरची जागा ठेवलेली आहे. बरेचदा त्यात वर्षानुवर्षांचं काळं तेल बसून ते बुजलेलं असतं. काडीने टोकरून बघा. क्लासमधल्या एका मुलीने 'भोक नाही' म्हणून मशीन परत नेलं होतं. मी रॉकेलचं फडकं फिरवलं तर भोक तिथेच बसलेलं.

ते नसेलच, तर मोटर मशिनला न लावता टेबलाला लावायची. मशिनच्या मागे, चाकाच्या रेषेत, लोखंडी एल-पट्टीवर मोटर बसवायची आणि पट्टी टेबलाच्या लाकडाला स्क्रूने पक्की करायची. लाकडातलं भोक उद्या भुसा आणि फेविकॉलने बुजवता येतं. पट्टीतली मोटरची भोकं गोल न ठेवता लांबट करून घ्या, म्हणजे मोटर मागेपुढे सरकवून पट्ट्याचा ताण जमवता येईल. कुठलाही फॅब्रिकेशनवाला हे करून देईल.

आता मोटर घेण्याआधीची परीक्षा. हिच्यात नापास झालेल्या मशिनला मी मोटर लावत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. पायट्याचा चामडी पट्टा काढा. सुईतला दोरा काढा, दाबाचा पाय वर घ्या. आता एका बोटाने चाक स्वतःकडे फिरवा. चाक एका बोटाने, न अडखळता फिरलं पाहिजे. फिरवताना एखाद्या जागी जड लागत असेल, तर ते जडपण मोटर खाऊन टाकेल असं समजू नका. मोटरच जळेल. लोक काय करतात, पाय दुखतो म्हणून मोटर घेतात, आणि पाय दुखायचं खरं कारण हे असतं की मशीनच घट्ट झालेलं आहे. खोबरेल किंवा गोडंतेल घातलेली मशिनी मी किती बघितल्या! ते तेल वाळून चिक्की होते. रॉकेलचे थेंब सगळ्या तेलाच्या भोकांत घाला, चाक फिरवत राहा, काळं पाणी निघेल ते पुसा, रात्रभर ठेवा, आणि मग मशिनचं पातळ पांढरं तेल घाला. दात्यांवरची पट्टी उघडून तिथला कापसाचा गोळा काढा. तो दाबून दाबून अगदी नमद्यासारखा झालेला असतो. सोनेरी नक्षीला मात्र रॉकेल चोळू नका, आणि स्पिरिट किंवा थिनर तर त्या बाजूला नेऊच नका. नक्षीवरचा थर लाखेचा असतो, स्पिरिटने तो विरघळतो आणि नक्षी फडक्यावर येते.

एवढं केल्यावर सगळ्यांना नाही, पण काहींना मोटरची गरजच उरत नाही. तुमचा प्रश्न गुडघ्यांचा आहे, तेव्हा पुढे जाऊ.

खालची सरकती पट्टी उघडून शटल बघा. गोल बॉबिन आणि बॉबिन केस असेल, ज्याला आपल्याकडे हाफ शटल म्हणतात, तर मोटर खुशाल लावा. होडीसारखं लांब शटल आणि काडीसारखी बारीक बॉबिन असेल, तर ते शटल प्रत्येक टाक्याला झोका घेत पुढेमागे जातं. त्याला मोटर लागते, पण त्याला पळवायचं नाही. पाय हलका असेल तरच लावा.

घरगुती मशिनला 90 ते 100 वॅटची छोटी मोटर पुरते. दुकानदार 150, 180 असे आकडे दाखवतात. तो आकडा मोटर किती वीज ओढते त्याचा आहे, ती किती काम करते त्याचा नाही. जास्त वॅट म्हणजे जाड जीन्स आपोआप शिवली जाईल, असं होत नाही. मोटरच्या पुलीचा व्यास जेमतेम अर्धा इंच आणि चाकाच्या खाचेचा साधारण पावणेतीन इंच, म्हणजे मोटर साडेपाच वेळा फिरते तेव्हा चाक एकदा. मोटर मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेते, त्यात मशीन हजाराच्या आसपास टाके घालतं. तुमच्या सासूबाई पायाने याच्या निम्म्यानेही शिवत नसतील. म्हणून पहिले आठ दिवस जुन्या चादरीवर नुसत्या रेघा मारा.

पट्टा फार ताणू नका, ही माझी कळकळीची विनंती. मधोमध बोटाने दाबला तर पाव ते अर्धा इंच आत गेला पाहिजे. सतारीच्या तारेसारखा ताणला तर मोटरचं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, एका बाजूने घासतं, मोटर तापते, आणि तुम्ही मला 'मोटर नकली निघाली' असं पत्र पाठवता.

चाकाची दिशा हा शेवटचा मुद्दा, आणि इथे माझीच फजिती सांगते. चाकाचा वरचा भाग शिवणाऱ्याकडे यायला हवा. क्लासच्या पहिल्या मोटरवाल्या मशिनवर ते उलटं फिरायला लागलं. दोरा खाली गोळा होऊन शटल अडकलं. मी प्लग उलटा खोचला. तरी उलटंच. पुन्हा फिरवून खोचला. असं तीनदा झालं तेव्हा मागे वडील उभे होते, ते हसून हसून खाली बसले. या मोटरींत स्थिर गुंडाळी आणि आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग, एकामागे एक जोडलेले असतात. प्लग उलटवला की दोन्हींतला प्रवाह एकदमच उलटतो, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. नाहीतरी एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा उलटतच असतो, त्याला तुमच्या प्लगचं काय! दिशा बदलायची तर मोटर उघडून, आर्मेचरला वीज देणाऱ्या कार्बन ब्रशच्या दोन तारांची अदलाबदल करावी लागते. वडिलांनी ती पाच मिनिटांत केली. तुम्ही दुकानातच, मोटर चालू करून, पुलीकडून बघा: घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असेल आणि पुली चाकाच्याच बाजूला येणार असेल, तर ती तुमच्या मशिनची.

आणि जुना चामडी पट्टा, पायटा, खालचं मोठं चाक, यातलं काहीही भंगारात देऊ नका. वीज गेली की पट्टा चढवायचा आणि सासूबाईंना बसवायचं. गुडघे त्यांचे बरे असतील तर.

मुलाने अमेरिकेहून जुन्या सिंगरसाठी मोटर आणि पेडल आणलं आहे. अगदी नवं, उत्तम दर्जाचं. फक्त 110 व्होल्ट लिहिलं आहे. पिन बदलली की चालेल ना?
— एक निवृत्त वाचक, देवळाली कॅम्प

नाही. पिन बदलून आपल्या 230 व्होल्टवर लावलीत तर काही क्षण मशीन असं धावेल की तुम्हाला वाटेल मुलाने विमानाची मोटर आणली. मग धूर. वीज सेकंदाला 50 आवर्तनांची की 60, याची या मोटरला फिकीर नसते, व्होल्ट मात्र दुप्पट सोसत नाहीत.

मुलाचं मन मोडायचं नसेल तर 230 चे 110 करणारा तारेच्या गुंडाळीचा जड ट्रान्सफॉर्मर घ्या, 200 व्हीएच्या आसपासचा. हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर नको, पेडलबरोबर त्याचं जमत नाही. पण खरं सांगू का? ट्रान्सफॉर्मर टेबलाखाली पडून राहणार, कुणीतरी एक दिवस 'ही पेटी कशाला' म्हणून प्लग थेट भिंतीत खोचणार. मी असते तर मोटर कपाटात ठेवली असती आणि इथलीच घेतली असती. फक्त ब्रॅकेट आणि पट्टा वापरा, ते चांगले असतात.

माझं अंबडला छोटं दुकान आहे, कापडी पिशव्या आणि ॲप्रन शिवतो. जुकी, म्हणजे कारखान्यातलं वेगवान मशीन, घ्यायला जागा आणि पैसा दोन्ही नाही. वडिलांचं हाफ शटल पायमशीन भक्कम आहे. त्याला छोट्या मोटरऐवजी जुकीची सायलेंट मोटर लावता येईल का? लोक हसतात.
— एक टेलर, अंबड

हसू द्या. कल्पना वेडगळ नाही, मी स्वतः दोन मशिनी अशा करून दिल्यात.

आधी फरक समजून घ्या. जुन्या जुकीखाली असायची ती क्लच मोटर. बटण दाबलं की ती सतत फिरत राहते, तुम्ही शिवत नसलात तरी घरघर चालू आणि मीटरही चालू. तुम्ही म्हणता ती सायलेंट मोटर म्हणजे सर्व्हो. तिच्यात ब्रश नसतात, पाय उचलला की ती थांबते, आणि मुख्य म्हणजे अगदी हळू फिरतानाही तिच्यात जोर असतो. छोट्या ब्रशवाल्या मोटरीचं दुखणं नेमकं हेच आहे, की हळू शिवताना तिची ताकद जाते. पिशवीच्या पट्ट्यावर चार पदर आले की ती 'गुंऽऽ' करते आणि तुम्ही चाकाला हाताने धक्का देता. सर्व्होवर तो धक्का द्यावा लागत नाही. एकेक टाका मोजून घालता येतो.

अडचणी तीन आहेत, त्यातली पहिली वजनाची. ही मोटर टेबलाखाली तीन बोल्टवर लटकते आणि चांगली जड असते. घरगुती पायमशिनचा जुना पाट पातळ असतो, त्यात कोपऱ्यांना भेगा. खालून जाड प्लायवुडची पट्टी लावा आणि बोल्ट वरून खालपर्यंत आरपार घ्या, लाकडाच्या स्क्रूवर मोटर टांगू नका. जागा अशी निवडा की पाटाला पट्ट्यासाठी आधीच असलेली दोन भोकं वापरता येतील.

दुसरी अडचण पट्ट्याची. मोटरबरोबर व्ही-पट्टा येतो. तुमच्या वडिलांच्या मशिनच्या चाकाची खाच चामड्याच्या गोल पट्ट्यासाठी केलेली, अरुंद. त्यात व्ही-पट्टा बसत नाही, नुसता वर तरंगतो आणि घसरतो. पीयूचा, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा, गोल पट्टा मिळतो, पाच-सहा मिलिमीटर जाडीचा, मापाने कापून टोकं तापवून चिकटवायचा. तो चाकाच्या गोल खाचेतही बसतो आणि मोटरच्या व्ही-पुलीतही. जोड नीट थंड होऊ द्या. पहिल्यांदा मी घाई केली आणि पट्टा सुटून माझ्या मनगटावर बसला. वळ आठवडाभर होता.

तिसरी अडचण वेगाची, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. या मोटरी साडेचार-पाच हजारापर्यंत जातात. जुकीला तेलाचा पंप असतो, तिला ते झेपतं. तुमच्या मशिनला तेल म्हणजे तुम्ही सकाळी घातलेले थेंब. मोटरवर मिळेल ती लहानातली लहान पुली लावा, पन्नास मिलिमीटरच्या आसपासची, आणि सेटिंगमध्ये कमाल वेग 1200 च्या वर जाणार नाही असा बांधून टाका. चाकाची खाच सत्तर मिलिमीटरची धरली तर मशीन साडेआठशे टाक्यांवर थांबेल. तेवढे भरपूर झाले. ते सेटिंग कसं करायचं हे दुकानातल्या पोराला सांगू नका, नाहीतर संध्याकाळी तुम्ही बाहेर गेलात की तो शर्यत लावेल. फिरण्याची दिशाही त्याच सेटिंगमध्ये बदलते, मोटर उघडावी लागत नाही.

आता गंमत सांगते. पायटा काढू नका. पायट्यापासून मोठ्या चाकाकडे जाणारा दांडा सोडवा, मोठं चाक तसंच राहू द्या, आणि पायट्याच्या पुढच्या कडेपासून मोटरच्या लिव्हरला साखळी जोडा. पुढचा पंजा दाबला की वेग, सोडला की बंद. तुमच्या पायाला वडिलांच्याच पायट्याची सवय आहे, ती उपयोगी पडते. साखळीची लांबी जमवायला मला एक दुपार लागली. तुम्हाला कमी लागेल, कारण टेबलाखाली वाकायला तुमची कंबर तरुण असणार.

सुईचं मात्र लक्षात ठेवा. सर्व्हो थांबणार नाही, सुई वाकली तरी ढकलत राहील. चार पदरांना 18 नंबरची सुई लावा.

मोटर लावल्यापासून मशिनला हात लावला की झिणझिण्या येतात. मेकॅनिक म्हणतो चप्पल घालून शिवा.
— एक वाचक, पंचवटी

चप्पल घालून शिवू नका. शिवूच नका. आत्ता प्लग काढा, मग पुढचं वाचा.

मशीन बिडाचं आहे, म्हणजे अख्खं मशीन तार आहे. मोटरच्या गुंडाळीला तेल किंवा ओल लागली, आतली तार कुठे सोलली, की प्रवाह सांगाड्यात येतो आणि तुमच्या बोटांतून, ओल्या फरशीतून जमिनीत जातो. आज झिणझिण्या आहेत, पावसाळ्यात फरशी घामेजली की त्या झिणझिण्या राहणार नाहीत. मोटरचं बाहेरचं कवच धातूचं असेल तर तीन पिनांचा प्लग आणि हिरवी अर्थिंगची तार हवीच. ती मोटरच्या कवचाला आणि मशिनच्या तळाच्या एखाद्या बोल्टला, खालचा रंग खरवडून, घट्ट बसवा. रंगावर बसवलेली अर्थिंग नुसती दिसायला असते. घरात वीज गळली की ती तोडणारी 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी नसेल तर मशिनच्या आधी ती बसवून घ्या. आणि ही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे नेऊन मेगर, म्हणजे आतून वीज गळते का ते मोजायचं यंत्र, लावायला सांगा. पाचशे व्होल्टच्या मेगरवर काटा एक मेगओहमच्या खाली आला तर मोटर परत लावायची नाही.

चप्पल सांगणारा मेकॅनिक बदला. सुई बदलताना, दोरा ओवताना पाय पेडलवरून काढायची सवय आजच लावून घ्या. सुई नखातून गेलेली मुलगी मी रिक्षात घालून नेलेली आहे.

पेडल दाबलं की मशीन आधी हलतच नाही, नुसतं गुणगुणतं, मग एकदम पळतं. पेडल गरमही होतं. दोष मोटरचा की पेडलचा?
— एक वाचक, सिन्नर

बहुतेक मशिनचा. वरती लिहिलेली एका बोटाची परीक्षा घ्या. मशीन सैल असूनही असंच होत असेल तर मग पेडल. जुन्या पद्धतीच्या पेडलमध्ये आत कार्बनच्या चकत्या किंवा तारेची गुंडाळी असते, हळू शिवताना उरलेली वीज ते उष्णता करून टाकतं. कोमट होणारच. हात ठेववत नाही इतकं तापत असेल, किंवा तुम्ही ते सतरंजीवर ठेवत असाल, तर थांबा. फरशीवर ठेवा. इलेक्ट्रॉनिक पेडल घेतलंत तर ते कमी तापेल आणि सुरुवातही मऊ होईल. फक्त त्या पेडलचं एक आहे: बिघडलं तर ते बरेचदा पूर्ण वेगावर अडकतं, पाय उचलला तरी मशीन थांबत नाही. अशा वेळी घाबरून चाक धरू नका, प्लग ओढा. म्हणून प्लग हाताशी हवा, कपाटामागे नको.

गुणगुणणाऱ्या मोटरवर पाय तसाच ठेवून बसणं हे मोटर जाळायचं सर्वात स्वस्त साधन आहे. गुणगुण आली की चाकाला हाताने हलका धक्का द्या.

आमचं घर सराफ बाजाराच्या जवळ आहे. 2019 च्या ऑगस्टच्या पुरात मशीन पाण्यात होतं. तेव्हा उन्हात वाळवून ठेवलं. आता मोटर लावून वापरावं म्हणतो.
— एक वाचक, जुनं नाशिक

गोदाकाठचा दुतोंड्या मारुती पुरात बुडाला की आमच्याकडे फोन सुरू होतात, त्यामुळे हे मशीन कोणत्या अवस्थेत असेल ते मला न बघता दिसतंय. वरून चांगलं, आतून गाळ. गोदावरीचा गाळ वाळला की सिमेंट होतो. नुसतं तेल घालून चाक फिरवलंत तर तो गाळ दांड्याच्या आणि बुशच्या मधे घासकागदाचं काम करेल.

मोटरचा विचार दोन महिने बाजूला ठेवा. मशीन पाटावरून काढा, तळाची सगळी जोडणी मोकळी करा, रॉकेलच्या घमेल्यात ब्रशने धुवा. प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला त्याच भोकात परत जाईल असा कागदावर ठोकळा काढून त्यावर ठेवा. गंजलेल्या स्क्रूवर जबरदस्ती नको, रॉकेल टाकून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा बघा, नाही निघाला तर पुन्हा रात्रभर. पाट फुगला असेल तर बिजागऱ्या तिरक्या झालेल्या असतात आणि मशीन पाटात वाकडं बसतं. ते आधी सरळ करा, नाहीतर पट्टा रोज उतरेल. आणि कुठली मोटरही त्याच पुरात भिजलेली असेल, तर ती 'वाळली' म्हणून प्लगमध्ये घालू नका. तिचं मेगर आधी.

मशीन एका बोटाने फिरायला लागलं की मला पुन्हा लिहा.

काकू, मी बारावीत आहे. आजीचं हातमशीन आहे, ती त्यावर गोधड्या शिवायची. मला त्याला मोटर लावून कुशन कव्हर विकायचे आहेत. बाबा म्हणतात विजेचं बिल वाढेल.
— एक विद्यार्थिनी, पिंपळगाव बसवंत

बाबांना सांग, 100 वॅटची मोटर दहा तास सलग चालली तर एक युनिट. तू काही दहा तास सलग शिवणार नाहीस, बारावी आहे.

पण मी तुला मोटर लावू नकोस असं सांगणार आहे. हातमशिनच्या हँडलमध्ये दातेरी चाकं असतात, हँडल एकदा फिरलं की मशिनचं चाक तीनदा फिरतं. एका हाताने चाक, एका हाताने कापड, त्यामुळे तुझा टाका तुझ्या ताब्यात राहतो. गोधडीच्या जाड थरात, कुशनच्या कोपऱ्यावर, चेनजवळ हेच हवं असतं. मोटर लावलीस तर हँडल काढावं लागेल, आणि काढलेलं हँडल घरात कुठे ठेवलं ते दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही. आधी पन्नास कव्हरं हाताने शिव. ती विकली गेली आणि हात खरंच दुखले, तर त्या पैशातून मोटरवालं वेगळं जुनं मशीन घे. काळी पायमशिनी भंगारच्या भावात विकायला निघालेली असतात, तुझ्याच गावात दोन-चार तरी असतील. घेण्याआधी एक बोट चाकावर ठेवून बघ. आणि आजीने मशिनला कोणतं तेल घातलंय ते आईला विचार!

गेल्या अंकात तुम्ही लिहिलं, 'मोटरलाही आठवड्याला एक थेंब तेल द्यावं.' हे सरसकट चूक आहे. मी ओझरला कारखान्यात 30 वर्षं मोटरींवर काम केलं आहे.
— एक वाचक, ओझर

चूक कबूल. मी वडिलांच्या दुकानातल्या जुन्या मोटरी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं, त्यांना तेलाची भोकं असायची. हल्लीच्या छोट्या मोटरींत बुश आधीच तेल प्यायलेलं असतं, वरून तेल घातलं की ते ब्रशच्या बाजूला झिरपतं, कॉम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या कड्यावर, कार्बनच्या धुळीत मिसळून काळा लगदा होतो आणि ठिणग्या उडायला लागतात. वाचकांनी मागच्या अंकातलं ते वाक्य खोडावं. मोटरवर 'ऑइल' असं लिहिलेलं भोक असेल तरच आणि तेवढाच थेंब, तोही महिन्या-दोन महिन्यांनी. ग्रीसच्या नळ्या असतील तर त्यात ग्रीस, तेल नाही. यातलं काहीच नसेल तर तेलाची बाटली मोटरपासून लांब ठेवा.

ज्यांनी माझं ऐकून तेल घातलं असेल त्यांनी प्लग काढावा, ब्रशच्या दोन्ही टोप्या उघडून ब्रश बाहेर घ्यावेत, कोरड्या सुती फडक्याने पुसावेत आणि ज्या बाजूचा त्याच बाजूला, जसा होता तसाच परत बसवावा. ठिणग्या तरीही मोठ्या दिसल्या तर मोटर घेऊन या. माझ्या चुकीने आलेली मोटर मी फुकट साफ करून देईन, या महिन्याअखेरपर्यंत. येताना पेडलही आणा.